वापरलेला बोलिंग बॉल एका लेनवर वळतो, दुसरीवर सरळ जातो: आधी काय तपासायचं?

तक्रार ठरलेली असते. कुणीतरी वापरलेला रिअ‍ॅक्टिव्ह (जास्त पकड घेणाऱ्या आवरणाचा) बॉल घेतं. पहिल्या दिवशी तो मस्त वळतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या लेनवर तोच बॉल वळायचं नावच घेत नाही. मग "बॉल मेलाय" असं ठरवून तो परत विकायला काढला जातो. असे बॉल माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यातले बहुतेक मेलेले नसतात. कुणाच्या अंगात लेनवर लावलेलं ऑइल मुरलेलं असतं, कुणाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असतो, तर काही बॉल पूर्ण ठणठणीत असून चुकीच्या लेनवर टाकले जात असतात.

खरी अडचण अशी की बॉल कमी वळण्याची दोन कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत आणि फाउल लाइनवरून (जिथून बॉल टाकतो त्या रेषेवरून) बघताना दोन्ही सारखीच दिसतात. एकात बॉलला पकडच मिळत नाही. दुसऱ्यात पकड इतक्या लवकर मिळते की पिनपर्यंत पोचायच्या आत जोर संपतो. पहिल्याचा उपाय दुसऱ्यावर केला तर बॉल आणखी बिघडतो. म्हणून सँडिंग पॅड हातात घेण्याआधी लक्षण नीट ओळखा.

लक्षणं

हे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावी.

- बॉल शेवटपर्यंत घसरत जातो आणि पॉकेट (१ आणि ३ नंबरच्या पिनमधली जागा) चुकवून उजवीकडूनच निघून जातो.
- बॉल लेनच्या मध्यावरच वळायला लागतो, पण शेवटच्या १५ फुटांत मंदावतो. पॉकेटला लागतो, तरी १० नंबरची पिन उभी राहते, कधी ५ नंबरचीही.
- पुसल्यावर दोन-तीन शॉट चांगले जातात, मग पुन्हा सरळ.
- पहिल्या गेममध्ये ठीक, तिसऱ्यात भलतंच काहीतरी.
- शेजारच्या दोन लेनवर दोन वेगळी वागणूक.
- जाताना बॉल "टक टक टक" असा आवाज करतो.
- कुठल्याही लेनवर, कितीही हळू टाकला तरी वळत नाही.

या शेवटच्या लक्षणापासूनच सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर फुकटात मिळतं.

१. हा बॉल मुळात वळणारा आहे का?

बॉलवर कोरलेलं नाव शोधा आणि त्याचं कव्हर, म्हणजे बाहेरचं आवरण, कशाचं आहे ते पाहा. पॉलिएस्टर, म्हणजे ज्याला सगळे प्लास्टिक म्हणतात, तो सरळ जाण्यासाठीच बनवलेला असतो. स्पेअर मारायला, म्हणजे पहिल्या शॉटनंतर उरलेल्या पिन पाडायला, तो उत्तम, पण त्याच्याकडून हुकची, म्हणजे वळणाची, अपेक्षा करणं व्यर्थ आहे. युरेथेन थोडा लवकर आणि सावकाश वळतो. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. त्याच्या कव्हरमध्ये सूक्ष्म छिद्रं असतात. ती ऑइल शोषतात, म्हणून कोरड्या भागात बॉल एकदम पकड घेतो. पुढे मुरलेल्या ऑइलचा जो त्रास होतो, त्याचं मूळही याच छिद्रांत आहे.

रिअ‍ॅक्टिव्हमध्येही सॉलिड, पर्ल आणि हायब्रिड असे प्रकार आहेत. सॉलिड साधारणपणे लवकर पकडतो. पर्ल लांब घसरतो आणि उशिरा झटक्याने वळतो. पर्ल बॉल ऑइलने भरलेल्या लांब पॅटर्नवर (पॅटर्न म्हणजे लेनवर ऑइल पसरवण्याची मांडणी) सरळ गेला, तर त्यात बॉलचा काहीच दोष नाही.

बॉल कुणासाठी ड्रिल केला होता, म्हणजे बोटांची भोकं कुणाच्या हाताच्या मापाने पाडली होती, तेही इथेच विचारून घ्या. डावखुऱ्याचा बॉल उजव्या हातात घेऊन वैतागलेले लोक मी पाहिले आहेत.

२. दोष लेनचा की बॉलचा?

हीही तपासणी फुकट आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. म्हणून थोडं सविस्तर.

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फुटांची असते आणि रुंदीत ३९ बोर्ड, म्हणजे उभ्या पट्ट्या, असतात. ऑइल पूर्ण लांबीवर नसतं. सेंटरच्या रोजच्या, म्हणजे हाउस पॅटर्नमध्ये ते साधारण ३८ ते ४२ फुटांपर्यंत असतं आणि पुढचा भाग कोरडा ठेवलेला असतो. रुंदीतही ते सारखं पसरलेलं नसतं. मधल्या बोर्डांवर भरपूर, गटरकडच्या बोर्डांवर अगदी कमी. म्हणून हाउस पॅटर्न माफ करणारा असतो: बॉल बाहेर गेला तर कोरड्यात पकडून परत येतो, आत राहिला तर ऑइल त्याला धरून ठेवतं. स्पर्धेच्या स्पोर्ट पॅटर्नमध्ये हा फरक खूप कमी असतो. हाउस पॅटर्नवर चांगला वाटलेला बॉल तिथे एकदम अनोळखी वाटतो, आणि शिव्या खातो बिचारा बॉल.

ढोबळ हिशेब असा: पॅटर्नच्या फुटांमधल्या लांबीतून ३१ वजा करा. येणाऱ्या बोर्डाच्या आसपास बॉल ऑइलमधून बाहेर पडायला हवा. ४० फुटांच्या पॅटर्नला ९वा बोर्ड, ३५ला ४था, ४५ला १४वा. मोजणी उजव्या गटरकडून. हा नियम काटेकोर नाही, पण ४५ फुटांच्या पॅटर्नवर बॉल ५व्या बोर्डावर पाठवून "परत येत नाही" म्हणणाऱ्याला तो लगेच उत्तर देतो. सेंटरवर पॅटर्नची लांबी विचारा, बहुतेक ठिकाणी सांगतात.

आता प्रयोग. सरावाच्या वेळी एकाच वेगाने, एकाच जागेवरून तीन-चार शॉट टाका. आधी १५व्या बोर्डावरून, मग पूर्ण बाहेरून, ५व्याच्या आसपास. बाहेरून टाकलेला बॉल नीट वळला आणि आतून टाकलेला घसरला, तर बॉल जिवंत आहे आणि लेनवर मध्ये ऑइल जास्त आहे. तुमची जागा बदला, बॉल नाही. दोन्हीकडून घसरला तर मात्र संशय बॉलवर.

परत आलेला बॉल न पुसता बघा. त्यावर ऑइलच्या गोल रेषा दिसतील. रेषा ओल्या आणि ठळक असतील तर लेनवर ऑइल आहे. जेमतेम दिसत असतील तर लेन कोरडी आहे, आणि तरीही बॉल वळत नसेल तर बहुधा तो वाटेतच जळतोय. म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं दुसरं कारण: पकड लवकर मिळून जोर आधीच संपतोय.

जळतोय हे पक्कं करायला फोन पुरतो. सरावात बॉलवर पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि कुणाला तरी मागून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. बॉलचा प्रवास तीन टप्प्यांचा असतो: घसरणं, वळणं, मग सरळ लोळणं. पिनला लागताना टेप अजून तिरपी, आडवी फिरत असेल तर बॉलला पकड मिळालीच नाही. पिनच्या बऱ्याच आधीपासून टेप चाकासारखी सरळ पुढे लोळत असेल तर जोर आधीच खर्च झाला. अशा बॉलचा पॉकेटमध्ये शिरण्याचा कोन सपाट पडतो. ६ अंशांच्या आसपासचा कोन चांगला मानतात. सपाट कोनाने आलेला बॉल पिनवरून उजवीकडे ढकलला जातो आणि १०वी पिन तुमच्याकडे बघत राहते.

पहिल्या गेममध्ये ठीक आणि तिसऱ्यात बिघाड, हेही बहुतेक वेळा लेनचंच काम असतं. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल दर शॉटला थोडं ऑइल उचलून नेतात, त्यामुळे खेळाच्या ओघात तुमची वाट कोरडी होते आणि बॉल लवकर वळतो. उलट, त्याच लेनवर बरेच जण प्लास्टिक किंवा युरेथेन टाकत असतील, तर ऑइल पुढे सरकतं आणि कोरडा भाग चिकट राहत नाही. दोन लेनवर दोन वागणुकी दिसण्याचं कारणही बऱ्याचदा हेच: त्या लेनवर तुमच्याआधी कोण खेळलं.

३. वेग

एकच शॉट मुद्दाम हळू टाका. वेग कमी केल्यावर बॉल नीट वळला तर बॉलचं कव्हर काम करतंय, तुमचा वेग आणि फिरकी यांचा मेळ बसत नाहीये. आधीचा मालक बॉल जास्त फिरवत असेल तर त्याचा अनुभव तुमच्या हाताला लागू पडणार नाही. विकताना तो खोटं बोलला असेलच असं नाही.

४. पुसणं आणि साफ करणं

प्रत्येक शॉटआधी मायक्रोफायबर टॉवेलने पुसा. ही सवय नसेल तर बाकी सगळ्या तपासण्या वाया, कारण कव्हरवर राहिलेलं ऑइल एकतर आत मुरतं, नाहीतर पुढच्या शॉटला घसरण वाढवतं. स्पर्धा चालू असताना युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार कोरडाच टॉवेल चालतो, द्रव क्लीनर नाही.

खेळ संपला की लगेच, बॉल अजून कोमट असतानाच, बोलिंग बॉलच्या क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळीकडून पुसून काढा. दुसऱ्या दिवशी पुसलं तर तोवर ऑइल आत गेलेलं असतं. अ‍ॅसिटोन किंवा थिनर वापरू नका. ते कव्हर मऊ करतं. कव्हर मऊ करणं नियमात बसत नाही आणि बॉलची वाटही लागते.

साफ केल्यावर दोन-तीन शॉट छान आणि मग पुन्हा सरळ, असं होत असेल तर आत ऑइल मुरलेलं आहे. सहाव्या मुद्द्याकडे जायचंय, पण पाचवा सोडू नका.

५. पृष्ठभाग

वापरलेल्या बॉलमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारा खरा दोष हाच. बॉलवरची पिन (कोरची जागा दाखवणारा ठिपका), कोर (आतला गाभा), ड्रिलिंग यावर लोक तासभर बोलतील, पण बॉल कसा वागेल हे सगळ्यात जास्त त्याच्या पृष्ठभागावर ठरतं. प्रत्येक शॉटला लेन बॉलला घासते. खरखरीत बॉल हळूहळू गुळगुळीत होतो, चकचकीत पॉलिश केलेल्या बॉलची चमक जाते. काही डझन गेमनंतर दोघेही कुठेतरी मधल्या अवस्थेत येतात. कारखान्यातून २००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत त्याचा आकडा) निघालेला बॉल तुमच्या हातात येईपर्यंत २००० चा राहिलेला नसतो.

बोटांनी तपासा. जिथे ऑइलच्या रेषा उमटतात तो पट्टा आणि बॉलचा जिथे लेनशी संबंध येत नाही तो भाग, दोन्हींवर हात फिरवा. पट्टा जास्त चकाकत असेल, काचेसारखा लागत असेल, तर बॉलला ऑइलमध्ये पकड मिळत नाही. लांब किंवा भरलेल्या पॅटर्नवर सरळ जाण्याचं हे नेहमीचं कारण.

उपाय म्हणजे सँडिंग पॅड. ५००, १०००, २०००, ३०००, ४००० असे ग्रिट मिळतात. आकडा जितका लहान तितका पृष्ठभाग खरखरीत आणि पकड लवकर. पॅड आणि बॉल ओला ठेवा. ओल्याने घासताना धूळ उडत नाही आणि पॅडही भरून जात नाही. बॉलचे सहा भाग मानून प्रत्येक भागावर सारखा वेळ आणि सारखा दाब द्या. फक्त पट्टाच घासला तर बॉल एका बाजूने वेगळा होतो आणि पुढे कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही.

घसरणाऱ्या बॉलला आधी २००० लावून बघा, नाही जमलं तर १०००. पॉलिश चढवलेला असेल तर २००० नुसतं वरून सरकतं, तेव्हा आधी ५०० किंवा १०००ने पॉलिश तोडा आणि मग हव्या त्या ग्रिटवर या. एक गोष्ट लक्षात राहू द्या: जुना, झिजलेला १०००चा पॅड १०००चं काम करत नाही. "मी हजारने घासला, काही झालं नाही" म्हणणाऱ्याचा पॅड मी आधी बघतो.

बॉल जळत असेल, म्हणजे लवकर लोळून थकत असेल, तर उलट दिशेने जा: ३०००, ४०००, गरज पडली तर वर पॉलिश. आखूड पॅटर्न, जुन्या लाकडी लेन किंवा खूप खेळून कोरड्या पडलेल्या लेन यांच्यावर घासून खरखरीत केलेला दमदार बॉल मुळीच चालत नाही. तिथे गुळगुळीत पर्ल किंवा साधा युरेथेन जास्त पिन पाडतो. लोकांना हे पटत नाही, कारण पैसे "जास्त वळणाऱ्या" बॉलसाठी मोजलेले असतात.

स्पर्धा सुरू झाल्यावर पृष्ठभाग बदलता येत नाही, म्हणून हे सगळं आधीच्या सरावात उरका.

६. मुरलेलं ऑइल काढणं

रिअ‍ॅक्टिव्ह बॉल असेल, पृष्ठभाग नवा केला असेल आणि तरीही दोन शॉटनंतर सरळच जात असेल, तर ऑइल बाहेर काढावं लागेल. आधी ५००चा हात फिरवा, म्हणजे छिद्रं उघडतात. बोटांची आणि अंगठ्याची भोकं जलरोधक टेपने बंद करा. बादलीत साधारण ५० अंश सेल्सिअसचं पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब. वीसेक मिनिटं ठेवा, मधे फिरवा. ११ पौंड आणि त्याखालचे बॉल तरंगतात, त्यांना जास्त वेळा उलटावं लागतं; १३च्या वरचे तळाशी जातात, त्यांच्याखाली कापड घाला. पाण्यावर ऑइलची साय दिसेल. बॉल काढून पुसा आणि साय येईनाशी होईपर्यंत नव्या पाण्याने पुन्हा करा.

पाणी थर्मामीटर लावून मोजा. ६० अंशांच्या वर कधीच नाही. गरम बॉल थंड पाण्यात बुडवू नका, खोलीतच निवू द्या. ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, हेअर ड्रायर यांतलं काहीही नाही. कव्हर आणि आतला कोर वेगवेगळे प्रसरण पावतात आणि बॉलला तडा जातो. तडा गेल्यावर दुरुस्ती नाही. काही कंपन्या गरम पाण्यालाही नको म्हणतात, तेव्हा तुमच्या बॉलची सूचना आधी वाचा.

भोकं तळाकडे करून एक दिवस वाळू द्या आणि मग हव्या त्या ग्रिटचा शेवटचा हात द्या. हे न करता लेनवर गेलात तर ५००चा बॉल टाकत असाल आणि सगळे निष्कर्ष चुकतील.

७. आवाज, रेषा आणि पकड

"टक टक" आवाज म्हणजे बॉल भोकांवरून लोळतोय. ऑइलच्या रेषा बघा. निरोगी बॉलवर त्या एका जागी जवळ येऊन मग पंख्यासारख्या पसरतात. प्रत्येक फेरीला कव्हरचा नवा, कोरडा भाग लेनला लागतोय असा त्याचा अर्थ. सगळ्या रेषा एकावर एक असतील तर प्रत्येक फेरीला तोच ऑइल लागलेला भाग लेनवर येतो आणि पकड कमी होते. (प्लास्टिक आणि बऱ्याच साध्या युरेथेनमध्ये असंच दिसतं, तो दोष नाही.) रेषा भोकांवरून जात असतील तर ड्रिलिंग आधीच्या मालकाच्या हाताला धरून केलेलं आहे, तुमच्या नाही. घासून किंवा धुऊन हे बदलत नाही.

अंगठा सैल असेल तर बॉल सुटू नये म्हणून तुम्ही नकळत दाबून धरता, आणि दाबून धरलेला बॉल फिरत नाही. भोकात टेपचा एक-एक तुकडा लावून बघा. दोन-तीन तुकड्यांनी बॉल सुधारला तर उपाय सापडला.

इथे थांबा, बॉल ड्रिल करणाऱ्याकडे न्या

- दोन बोटांच्या भोकांमधल्या पुलावर किंवा कुठेही केसासारखी रेघ दिसली. धुऊ नका, घासू नका, टाकू नका.
- बोटं बधिर होतात, अंगठा अडकतो किंवा मनगट दुखतं. माप चुकलेलं आहे. टेपने हे ढकलत राहू नका, त्यात कंडरा दुखावतात.
- पट्ट्यात नखाला जाणवेल इतकी खाच पडली आहे, किंवा बॉल टेबलावर फिरवताना उडतो. हाताने घासून हे सपाट होत नाही, मशीनवर पूर्ण पृष्ठभाग उतरवावा लागतो.
- रेषा भोकांवरून जातात. भोकं बुजवून तुमच्या मापाने पुन्हा ड्रिल करावं लागेल.
- बोटांशिवायचं जादा भोक आहे आणि तुम्हाला मान्यताप्राप्त लीगमध्ये खेळायचं आहे. १ ऑगस्ट २०२० पासून युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांत असं बॅलन्स होल चालत नाही. ते बुजवल्यावर बॉलची वागणूक थोडी बदलेल.
- वरचं सगळं करूनही बॉल कुठल्याच लेनवर वळत नाही. काही जुनी कव्हरं कितीही केलं तरी पहिल्यासारखी होत नाहीत.

शेवटच्या प्रकारात ड्रिल करणाऱ्याला सरळ विचारा: पृष्ठभाग उतरवणं, भोकं बुजवणं आणि नवं ड्रिलिंग मिळून किती होतील? उत्तर चांगल्या स्थितीतल्या दुसऱ्या वापरलेल्या बॉलच्या जवळ जात असेल, तर हा बॉल पॉलिश करून स्पेअर मारायला ठेवा. सरळ जाणं हे तिथे कामाचं आहे.

त्याच्याकडे जाताना बॉल न पुसता, ऑइलच्या रेषांसकट नेलात तर उत्तम. सोबत एवढं सांगा: कुठल्या लांबीच्या पॅटर्नवर खेळलात, कुठल्या बोर्डावरून टाकला, शेवटचा कोणता ग्रिट लावला, आणि तो स्लो मोशन व्हिडिओ दाखवा.